आठ बॉस आणि एकच चाल?

गेल्या हिवाळ्यात वसई तालुक्यातील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. ज्वालामुखी, पवनचक्की, ठिबक सिंचन अशा नेहमीच्या प्रतिकृती पाहत पाहत शेवटच्या टेबलापाशी पोहोचलो. तेथे नववीतील एका मुलीने संगणकावर स्वतः तयार केलेला खेळ मांडला होता. खाडीच्या चिखलातील निवट्या, खेकडे, वटवाघळे असे प्राणी शोधायचे, आपल्या संग्रहात जमवायचे, वाढवायचे आणि शेवटी पाच बॉसशी लढत द्यायची. बॉस म्हणजे टप्प्याच्या शेवटी वाट अडवून उभा राहणारा बलाढ्य प्रतिस्पर्धी. पहिला खाडीचा, दुसरा मिठागराचा, तिसरा वसईच्या किल्ल्याचा, चौथा तुंगारेश्वरच्या जंगलाचा आणि पाचवा विजेचा.

चित्रे सुरेख होती. पण पाचही लढतींना पार्श्वसंगीत एकच होते! कोठून तरी उतरवून घेतलेली तीच धडधडणारी चाल. मी म्हणालो, "अगं, खाडीचा बॉस आणि विजेचा बॉस डोळे मिटून ओळखता येत नाहीत." ती पटकन म्हणाली, "सर, पाच बॉसना पाच चाली कुठून आणू? मी फक्त वेग वाढवून बघितला, पण तेच वाटतं."

मला उत्तर सुचले नाही. उत्तर सुचले नाही हे कबूल करण्याऐवजी मी गुणपत्रिकेवर 'विज्ञानाशी संबंध कमी' असा शेरा मारला आणि पुढे गेलो. परतीच्या लोकलमध्ये मात्र तो प्रश्न काही पिच्छा सोडीना. वीस वर्षे मी ध्वनिशास्त्र शिकवतो आहे आणि एका मुलीने विचारलेला ध्वनिशास्त्राचा निखळ प्रश्न मला ओळखता आला नाही! हा लेख म्हणजे तिला उशिरा दिलेले उत्तर आहे. माझे मत थोडक्यात असे : बॉसची चाल वेगळी करायची असेल तर ती अधिक मोठी किंवा अधिक जलद करून भागत नाही, आवाजाची घडणच बदलावी लागते. आणि निरनिराळ्या घडणीचे आवाज आपल्या पालघर जिल्ह्यातच भरपूर आहेत.

चार वाटांचे संगीत

प्राणी जमवण्याच्या खेळांपैकी पोकेमॉन तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. त्याचा पहिला खेळ १९९६ साली जपानमध्ये गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी निघाला. त्याचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा छंद होता. त्यातूनच ही कल्पना आली. संगीत जुनिची मासुदा यांचे. तो संपूर्ण खेळ आजच्या मोबाइलवरील एका चांगल्या छायाचित्रापेक्षाही कमी जागेत मावत असे.

गेम बॉयला आवाज काढण्यासाठी अवघ्या चार वाटा होत्या. दोन वाटांतून चौकोनी लहर निघे. तिसरीत रचनाकार स्वतः लहरीचा आकार ठरवू शके. पण तोही केवळ ३२ ठिपक्यांत. चौथीतून नुसती खरखर निघे; ढोल, झांज, स्फोट असे सारे आवाज तिच्यातूनच काढावे लागत. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर मासुदांनी लढतीच्या चार वेगळ्या चाली बांधल्या : रानात अवचित भेटणाऱ्या प्राण्यासाठी एक, वाटेवरच्या प्रतिस्पर्ध्यासाठी दुसरी, जिम लीडरसाठी तिसरी आणि शेवटच्या लढतीसाठी चौथी.

कौतुक करावे तेवढे थोडेच. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या खेळात जिम लीडर आठ होते. एक खडकाच्या प्राण्यांचा, एक पाण्याच्या, एक विजेच्या, एक आगीच्या. या आठांना चाल मात्र एकच! जागेची टंचाई हे कारण तेव्हा समजण्यासारखे होते. आज जागेची टंचाई नाही, तरीही अनेक खेळांत तोच प्रकार चालतो. दृश्य बदलते, कान मात्र तेच ऐकतो.

याला सुंदर अपवादही आहे. २००९ च्या पोकेमॉन हार्टगोल्ड आणि सोलसिल्व्हर या खेळांत रायकू, एंतेई आणि सुइकून असे विजेचा, आगीचा आणि पाण्याचा तीन दुर्मिळ प्राणी आहेत. तिघांची मूळ सुरावट एक, पण वाद्यमेळ निराळा. सूर तेच राहूनही तिघे वेगळे वाटतात. हे कसे होते, ते पाहू.

नादाचे तीन गुण

संगीताच्या पुस्तकात नादाचे तीन गुण सांगितलेले असतात : लहानमोठेपणा, उच्चनीचता आणि जाती. लहानमोठेपणा कंपनांच्या आयामावर अवलंबून असतो. उच्चनीचता कंपनसंख्येवर, म्हणजे तुमच्या पाठ्यपुस्तकातील वारंवारतेवर. आणि जाती? बासरी व सनई यांवर एकच स्वर सारख्याच जोराने वाजवला तरी कोणते वाद्य वाजते ते आपण न पाहता सांगतो. ही ओळख पटवणारा गुण म्हणजे नादाची जाती.

कोणतेही वाद्य सहसा एकच शुद्ध कंपन देत नाही. मूलस्वराबरोबर त्याहून उंच असे अनेक उपस्वर उमटतात. कोणते उपस्वर किती प्रमाणात मिसळले आहेत, यावर नादाची जाती मुख्यतः ठरते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे सविस्तर मांडले आहे. ही स्वयंपाकातली गोष्ट समजा. डाळ तीच, पण फोडणी बदलली की आमटी बदलते. माझ्या विद्यार्थिनीने आमटी अधिक उकळली आणि अधिक वाढली. फोडणीला हात लावला नाही.

तारपा आणि चौकोनी लहर

आता जंगलाचा बॉस घेऊ. एकदा महाविद्यालयात चौकोनी लहर दाखवताना मी ती ध्वनिवर्धकावर ऐकवली. चौकोनी लहरीचा आलेख म्हणजे वसईच्या किल्ल्याच्या तटावरील चऱ्याच : वर, खाली, पुन्हा वर. जव्हारकडचा एक विद्यार्थी मागच्या बाकावरून म्हणाला, "सर, हा तर तारप्यासारखा आवाज आहे!" वर्ग हसला. मीही हसलो. पण तो चुकला नव्हता.

वरचा आणि खालचा भाग समान असलेल्या चौकोनी लहरीत फक्त विषम संनादी असतात. मूलस्वर सेकंदाला २२० कंपनांचा असेल तर पुढचे उपस्वर ६६०, ११००, १५४० असे येतात. ४४० किंवा ८८० येत नाहीत. त्यांचा आयाम अनुक्रमे एकतृतीयांश, एकपंचमांश, एकसप्तमांश होत जातो. आता अकरावी-बारावीतील एका टोकाला बंद असलेली नळी आठवा. तिच्यातही विषम संनादीच उमटतात. तारपा हे वारल्यांचे वाद्य वाळलेल्या भोपळ्याचे. त्यात बांबूच्या दोन नळ्या मेणाने बसवतात, प्रत्येक नळीला थरथरणारी जिभळी असते आणि टोकाशी ताडाच्या पानांचा कर्णा. जिभळीकडचे टोक ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने बंद टोकासारखे वागते. म्हणून तारपा आणि गेम बॉयची चौकोनी लहर यांचे नाते दूरचे असले तरी खरे आहे.

गंमत पुढेच आहे. गेम बॉयमध्ये चौकोनी लहरीच्या वाटा दोन. तारप्याच्या नळ्याही दोन. गेम बॉयची चौथी वाट खरखरीची. तारपा नाचात म्होरक्याच्या हाती घुंगुरकाठी असते, तिचा छुमछुम आवाजही त्याच जातीचा.

खेळाच्या संगीताची एक खास अडचण असते. लढत किती वेळ चालेल हे आधी ठाऊक नसते, म्हणून चाल संपली की सांधा न कळता पुन्हा सुरू व्हावी लागते. तारपावादक गालांत हवा साठवून, नाकाने श्वास घेत, सूर तुटू न देता वाजवत राहतो आणि नाचणारे त्याच्याभोवती फेर धरतात. न तुटणाऱ्या आवर्तनाचा याहून चांगला गुरू कोठे शोधायचा? जव्हार तालुक्यातील वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारखे जाणते वादक आपल्याच जिल्ह्यात आहेत.

किल्ल्याची घंटा

किल्ल्याच्या बॉसला तारपा देऊन चालणार नाही. त्याला धातू हवा. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. त्यानंतर या भागातील चर्चच्या घंटा महाराष्ट्रातील निरनिराळ्या देवळांत गेल्या. नाशिकच्या गोदाकाठची नारोशंकराची घंटा त्यांपैकीच मानली जाते.

घंटेचा नाद भारदस्त आणि थोडा उदास का वाटतो? तारेचे आणि नळीचे उपस्वर मूलस्वराच्या पूर्णांक पटीत असतात. घंटेचे सगळे उपस्वर तसे नसतात. युरोपीय धाटणीच्या घंटेत मूलस्वराच्या सुमारे १.२ पट कंपनसंख्येचा एक ठळक उपस्वर असतो. ६ : ५ हे प्रमाण म्हणजे षड्ज आणि कोमल गंधार यांचे नाते. एकच ठोका, पण त्यात कोमल गंधार दडलेला. किल्ल्याच्या बॉसला धावती सुरावट मुळीच नको. दूरवर विरत जाणारे चार ठोके पुरेत. संथ चालसुद्धा छाती दडपून टाकू शकते, हे येथे शिकण्यासारखे आहे.

वीज, खाडी आणि मिठागर

विजेच्या बॉसला ताशा द्या. गोल पडद्याचा मूलस्वर १०० मानला तर त्याचे उपस्वर सुमारे १५९, २१४, २३० असे येतात. त्यांत पूर्णांकांची शिस्त नाही, म्हणून ठरावीक सूर जाणवत नाही. नुसता कडकडाट जाणवतो. विजेला तोच हवा. उलट तबला आणि मृदंग यांवर शाई असते. तिच्या वजनामुळे उपस्वर जवळजवळ पूर्णांक पटीत येतात आणि चामड्यातून सूर निघतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली 'नेचर'मध्ये याकडे जगाचे लक्ष वेधले. पराभूत झालेला विजेचा प्राणी आपल्या संग्रहात आला की त्याच्या चालीतील ताशा जाऊन तबला यावा. बेशिस्त शक्ती शिस्तीत आली, हे एक शब्दही न लिहिता सांगता येईल.

खाडीच्या बॉसला विस्पंदे द्या. सेकंदाला २२० आणि २२०.५ कंपनांचे दोन स्वर एकत्र वाजवले तर आवाज दर दोन सेकंदांनी फुगतो आणि ओसरतो. भरती-ओहोटीच जणू. लढत रंगेल तसतसा हा फरक वाढवत नेला की पाणी चढत असल्याचा भास होईल. यासाठी कोणतेही महागडे साधन लागत नाही.

आणि मिठागर? तेथे पाणी आटते आणि मीठ उरते. सात स्वरांची सुरावट घ्यावी आणि प्रत्येक आवर्तनाला एक स्वर गाळावा. शेवटी दोनच स्वर उरतात, पण ते अगदी खणखणीत. येथे शांतताच वाद्य होते.

जागा वाचवण्याची एक युक्ती गणिताच्या शिक्षकांसाठी. ७ मात्रांचा एक आणि ८ मात्रांचा दुसरा असे दोन तुकडे एकाच वेळी सुरू करा. दोघांची सम पुन्हा एकत्र येईल ती ५६ मात्रांनंतर. साठवल्या १५ मात्रा, पण पुनरावृत्ती ५६ नंतर! लघुतम साधारण विभाज्य कशासाठी शिकायचा, असे विचारणाऱ्या मुलांना हे जरूर ऐकवावे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप पालकांचा : मुले आधीच मोबाइलला चिकटलेली असतात, त्यात विज्ञानाच्या मासिकाने खेळांची भलामण कशाला? चिंता रास्त आहे. पण खेळ खेळणे आणि खेळ बांधणे यांत पतंग पाहणे आणि पतंग बनवणे एवढा फरक आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली 'राजी' हा खेळ जगापुढे ठेवला. म्हणजे असे काम येथे बसून होऊ शकते. ते करणाऱ्याला भौतिकशास्त्र, गणित, चित्रकला आणि संगीत या सर्वांची गाठ घालावी लागते. आपल्या वेळापत्रकात हे विषय एकमेकांचे तोंडही पाहत नाहीत.

दुसरा आक्षेप मी स्वतःच घेतो आणि तो अधिक गंभीर आहे. जंगल म्हटले की राक्षस आणि राक्षस म्हटला की आदिवासींचे वाद्य, असे आपण करणार का? तसे झाले तर तो तारप्याचा अपमान होईल. तारपा हे भाताच्या सुगीचे, आनंदाचे वाद्य आहे. भीती घालण्याचे नव्हे. म्हणून बॉस या शब्दाचा अर्थ आधी नीट समजून घ्या. पोकेमॉनमधील जिम लीडर सहसा खलनायक नसतात. ते परीक्षक असतात. हरले तर मोकळ्या मनाने पदक देतात. तुंगारेश्वरचा बॉस असाच जंगलाचा राखणदार असू द्या. त्याची चाल ऐकून भीती नव्हे, आदर वाटावा. शिवाय वादकाचे ध्वनिमुद्रण करायचे तर त्याची परवानगी घ्या, त्याचे नाव खेळात ठळक द्या आणि खेळातून पैसे मिळाले तर त्याचा वाटा त्याला द्या. महाजालावरून फुकट उतरवलेल्या चालीची सवय झाली की आवाजालाही धनी असतो हे आपण विसरतो.

करून पाहा

सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची बांबूची किंवा प्लॅस्टिकची सरळ नळी घ्या. तिच्या एका तोंडावर तळवा थापा आणि तसाच दाबून ठेवा. एक स्वर ऐकू येईल. आता तळवा थापून लगेच उचला. स्वर जवळजवळ दुप्पट उंच होईल. पहिल्या वेळी नळी एका टोकाला बंद होती, दुसऱ्या वेळी दोन्ही टोकांना उघडी. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर बंद नळीचा मूलस्वर ३४० भागिले १.२, म्हणजे सुमारे २८३ कंपनांचा येतो. मोबाइलवरील ध्वनिमापक उपयोजनाने मोजा आणि गणिताशी पडताळा. थोडा फरक पडेल. का पडला, याचा विचार करा.

मग घरातील पितळी तांब्या, स्टीलचे ताट, देवघरातील घंटा, रिकामा डबा यांवर ठोका मारून प्रत्येकाचे उपस्वर नोंदवा. गावात कोणी तारपा, ताशा किंवा बँडमधील कर्णा वाजवत असेल तर त्यांच्याकडे नम्रपणे जा आणि ऐका. आठवडाभरात तुमच्या वहीत दहा-बारा नादांच्या जाती जमतील. प्राणी जमवण्याच्या खेळाआधी नाद जमवण्याचा हा खेळ खेळून पाहाच.

शिक्षक मित्रांना एक विनंती. पुढच्या प्रदर्शनात एखादे मूल खेळ घेऊन आले तर 'विज्ञानाशी संबंध कमी' असे लिहिण्यापूर्वी त्याला एकच विचारा : तुझा बॉस डोळे मिटून ओळखता येतो का? नसेल, तर का नाही, हे दोघांनी मिळून शोधा. मी ते केले नाही. त्या मुलीला कमी गुण मिळाले, पण प्रश्न तिचाच बरोबर होता. यंदा त्या शाळेत परीक्षक म्हणून बोलावले नाही तरी मी तिचे टेबल पाहायला जाणार आहे आणि डोळे मिटून पाचही लढती ऐकणार आहे.